कारखान्याशेजारचं घर

पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी कराड आणि ताकारी मागे टाकून किर्लोस्करवाडीला थांबते. एरवी गावावरून स्टेशनला नाव पडतं. इथे माणसावरून कारखान्याला, कारखान्यावरून वस्तीला आणि वस्तीवरून स्टेशनला पडलं. शतकापूर्वी हे स्टेशन 'कुंडल रोड' होतं. कुंडल गाव आत होतं आणि रुळांच्या कडेला निवडुंगानं भरलेला, सापांनी बदनाम झालेला माळ होता. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्या माळातली ३२ एकर जमीन लक्ष्मणराव किर्लोस्करांना देऊ केली. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव तिथे उतरले. आज ती जागा सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येते. किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना तिथे अजूनही चालू आहे.

अशा ठिकाणचा औद्योगिक वारसा जपायचा म्हटलं की लोकांना पहिल्यांदा आठवतं ते जुनं यंत्र, धुरांडं, भोंगा. माझं मत जरा वेगळं आहे. चालता कारखाना जपता येत नाही आणि जपूही नये. त्याला दर दहा-पंधरा वर्षांनी जुनी यंत्रं काढून नवी बसवावीच लागतात. तसं केलं नाही तर तो बंद पडतो, आणि बंद पडलेल्या कारखान्याची जमीन किती दिवस मोकळी राहते हे मुंबईच्या गिरणगावानं दाखवून दिलंच आहे. घराचं तसं नसतं. कारखान्याशेजारचं एखादं बैठं, कौलारू घर शंभर वर्षं उभं राहू शकतं. माळावर कारखाना कसा उगवला याचा सगळा हिशेब त्या घरात वाचता येतो. म्हणून सातारा-सांगलीच्या उद्योगाची गोष्ट पुढच्या पिढीला सांगायची असेल तर सुरुवात घरापासून करावी.

आधी थोडा इतिहास. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. (मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. एकाच आडनावानं महाराष्ट्राला नाट्यपदंही दिली आणि नांगरही.) लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटन धरलं. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींचं दुकान थाटलं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव त्या दुकानाचं. सायकलीनंतर कडबा कापण्याचं यंत्र आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर.

नांगर विकला जाईना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. धंदा कुठे आता पाय धरू लागला होता, तोच बिऱ्हाड उचलायची पाळी आली.

औंधच्या राजांची ओळख कामातून झालेली होती. लक्ष्मणरावांनी औंधला यमाईच्या देवस्थानासाठी मंडप बांधून दिला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. औंधचं संस्थान लहान, शिवाय तुकड्यातुकड्यांत पसरलेलं. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि एक तुकडा थेट विजापूरकडे. यातला कुंडलचा तुकडा रेल्वेला लागून होता, आणि लक्ष्मणरावांना रेल्वे हवी होती. बिडाचं ओझं बैलगाडीवर फार लांब नेणं परवडत नाही. कच्चं लोखंड नि कोळसा बाहेरून आणायचा आणि तयार नांगर खानदेश-वऱ्हाडपर्यंत पाठवायचा, तर स्टेशनाच्या दारातच भट्टी हवी. राजानं जमीन दिली, कर्जही दिलं.

सातारा आणि सांगली ही नावं इथे एकत्र घ्यावी लागतात त्याचं कारण हेच. १९४८ साली संस्थानं विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी 'दक्षिण सातारा' असा नवा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी हा सगळा पट्टा म्हणजे इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि त्यात अधूनमधून पेरलेली संस्थानं. औंधचं राजघराणं आज सातारा जिल्ह्यात सापडतं आणि त्या राजानं वसवू दिलेला कारखाना सांगलीत. इतिहासाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. पर्यटनाचे फलक लावणाऱ्या खात्यांना मात्र तीच आधी कळते.

आता घराकडे. या माळावर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं आली. बेळगावसारख्या शहरात कारखाना काढला तर कामगार आपापल्या घरून येतो, संध्याकाळी परत जातो. इथे परत जायला काही नव्हतंच. दुकान नाही, शाळा नाही, वैद्य नाही, प्यायच्या पाण्याची खात्री नाही. कारखाना उभा करायचा तर आधी चुली पेटायला हव्या होत्या. म्हणजे इथे घर ही भट्टीइतकीच उत्पादनाची गरज होती. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. रस्ते, घरं, पाणी, झाडं हे त्यांचं खातं. उद्योजकांच्या चरित्रांत अशा थोरल्या भावांना दोन ओळी मिळतात. घर जपलं तर रामूअण्णांना त्यांची जागा मिळेल.

बाकीची माणसंही बघण्यासारखी आहेत. शंभूराव जांभेकर पडेल ते काम करणारे, ओतकामापासून इंजिनापर्यंत हात चालणारे. के. के. कुलकर्णी व्यवस्थापक. मंगेशराव रेगे हिशेबनीस. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राच्या कामात डोकं असं चालायचं की ते वाडीचे इंजिनिअर झाले. आणि वस्तीच्या राखणीला होती एके काळी दरोडेखोर म्हणून धाक असलेली माणसं. ज्याच्याकडून चोरीची भीती त्याच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, हा लक्ष्मणरावांचा स्वभाव. वाडीत शिवाशिव पाळायची नाही हाही त्यांचा आग्रह होता. हे सगळं कारखान्याच्या शेडमध्ये दाखवता येत नाही. कोण कोणाच्या शेजारी राहत होतं, पाणी कुठून भरत होतं, पंगत कुठे बसत होती, हे घरं आणि गल्ल्याच सांगतात.

जगात हा विचार आता नवा राहिलेला नाही. २००३ साली रशियातल्या निझनी तागिल शहरात औद्योगिक वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक सनद मान्य केली. तिच्यात कारखाने, खाणी, गोदामं, रेल्वे यांच्याबरोबर कामगारांची घरं, शाळा, प्रार्थनास्थळं यांनाही वारसा मानलं आहे. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बीनं १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड वितळवलं. ती जुनी भट्टी १९५९ साली तिथल्या लोखंड कंपनीनं स्वतःच्या पुढाकारानं मोकळी करून लोकांना दाखवायला ठेवली. जवळच डार्बी कुटुंबाची घरंही जपली आहेत. भट्टी पाहिलेला माणूस शेजारच्या घरात शिरतो तेव्हा लोखंडाच्या क्रांतीमागे क्वेकर पंथाची साधी राहणी होती हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

जर्मनीतलं उदाहरण आणखी बोलकं आहे. एसेन शहरात क्रुप या पोलाद घराण्याचा 'व्हिला ह्यूगेल' नावाचा २६९ खोल्यांचा महाल आहे. पण क्रुप घराण्यानं जिवापाड जपलं ते कारखान्याच्या आवारातलं एक छोटंसं घर. धंदा डबघाईला आला होता त्या दिवसांत कुटुंब तिथे राहिलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बफेकीत ते घर नष्ट झालं, तर १९६१ साली कंपनीच्या दीडशेव्या वर्षानिमित्त ते पुन्हा बांधण्यात आलं. यातला अभिमान मला समजतो, तरी थोडी शंकाही येते. गरिबीचं घर दाखवून श्रीमंतीची गोष्ट गोड करणं ही उद्योगघराण्यांची जगभरची सवय आहे. वाडीसारख्या ठिकाणी घर जपताना ही सवय टाळावी लागेल. ती टाळण्याचा एक सोपा उपाय म्हणजे एक नव्हे, दोन घरं जपणं: मालकाचं किंवा व्यवस्थापकाचं एक आणि मोल्डरचं, म्हणजे साचे भरणाऱ्या कामगाराचं, दुसरं.

घरात काय ठेवायचं? सुरुवात नांगरानं करावी, पण तो काचेच्या पेटीत नको. आपला जुना लाकडी नांगर बाभळीचा, त्याला पुढे लोखंडी फाळ. तो जमिनीत पाचरीसारखा घुसतो, माती फोडून दोन्ही बाजूंना सारतो, पण पालथी करत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हराळी आणि कुंदा माजला की त्याची मुळं तशीच खाली राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळानं कापलेला मातीचा पट्टा त्या पंखावरून चढतो आणि वळून उलटा पडतो. वरचं गवत खाली गाडलं जातं, खालची मुळं उन्हात येतात आणि वाळतात. हा फरक वाचून कळत नाही. घराच्या परसात दोन वाफे ठेवले, एकीकडे लाकडी नांगराचा तास आणि दुसरीकडे लोखंडीचा, तर सहावीतला मुलगाही अर्ध्या मिनिटात समजेल. बिडाचा फाळ कठीण असतो पण ठिसूळ असतो. दगडावर आपटला की तुकडा पडतो. त्यामुळे फाळ वेगळा काढून बदलता येईल असा करावा लागतो, बदली फाळाचा पुरवठा गावोगावी ठेवावा लागतो, आणि तिथून सुट्या भागांचा, एजंटांचा, जाहिरातींचा अख्खा पसारा सुरू होतो. एका बिडाच्या तुकड्यातून हे सगळं उलगडून दाखवता येतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी आली. पण लोखंडही मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर होणं हे भाषणात ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात ती युद्धकाळातली नड होती आणि राजाची दूरदृष्टीही. आज वारशाच्या नजरेनं पाहिलं तर आपण हळहळू की तोफा वितळवल्या. हळहळण्याआधी एवढंच लक्षात घ्यावं की त्या तोफांतून निघालेले नांगर आपण त्याहून बेफिकिरीनं भंगारात घातले आहेत.

दुसरी वस्तू पंप. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्या दशकातच वाडीत पाण्याचे पंप आणि तेलावरची इंजिनं तयार होऊ लागली. विहिरीवरचा पंप म्हणजे बिडाच्या गोल डब्यात फिरणारा पंखा. पंखा पाणी कडेला भिरकावतो, मध्ये पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी त्या पोकळीकडे वर ढकलतो. म्हणजे पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण ढकलण्याचं काम हवेचं. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटरचा स्तंभ पेलतो; प्रत्यक्षात गळती नि घर्षण धरून सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही. म्हणून खोल विहिरीत पंप वर काठावर न ठेवता आत टप्पा काढून त्यावर बसवतात. जुन्या विहिरींच्या पोटात असे ओटे आजही दिसतात. सुरू करण्याआधी पंपात पाणी भरायचं, खालचा फूटव्हॉल्व्ह गळत असला तर शेणकाला ओतून तात्पुरता बंद करायचा, हे सगळं शेतकऱ्याचं ज्ञान. कंपनीच्या माहितीपुस्तकात शेणकाला नसतो. संग्रहालयात असायला हवा.

मोट बंद पडली ती या पंपानं. मोटेबरोबर चामड्याचं काम गेलं, नाडे-सोल वळणाऱ्यांचं काम गेलं, बैलांची एक जोडी कमी झाली. ऊस वाढला, पुढे साखर कारखाने आले. एखादं उद्योगघर प्रामाणिक आहे की नुसतं गौरवाचं, हे त्यात गेलेल्या कामांनाही भिंत दिली आहे का यावर मी ठरवीन.

तिसरी गोष्ट कागद. बिडाच्या भट्ट्यांच्या या वस्तीतून मराठीतली तीन मासिकं निघाली, हे सांगितलं की आजच्या मुलांना थट्टा वाटते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. शंकरराव म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे, वाचकांचे शं. वा. कि., स्वतः चित्रकार. कारखान्याच्या बातम्या आणि जाहिराती लोकांपर्यंत पोचवणं हा आरंभीचा हेतू; पुढे ते 'किर्लोस्कर' या नावानं महाराष्ट्रातलं आघाडीचं मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात आले. १९३० साली 'स्त्री' निघालं आणि १९३४ साली 'मनोहर'. बायकांनी काय वाचावं याबद्दल पुण्या-मुंबईत वाद चालू होते, तेव्हा स्त्रियांसाठीचं मासिक एका माळावरच्या छापखान्यात छापून टपालानं गावोगाव जात होतं. मासिकं नंतर पुण्याला गेली. पण ज्या घरांत त्या अंकांची मुद्रितं तपासली गेली, ज्या स्वयंपाकघरांत 'स्त्री'च्या लेखांवर वाद झाले, ती घरं वाडीतलीच. म्हणून अशा घरात एक खोली अंक, ब्लॉक, जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसाठी राखून ठेवावी. यंत्र पाहून थकलेली माणसं तिथे बसून वाचतील.

काही गोष्टी सांगायला अवघड आहेत. १९४२ नंतर कुंडल हे साताऱ्याच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र होतं. क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांचा हा मुलूख. भट्ट्या, रेल्वे आणि भूमिगत चळवळ एकाच टापूत नांदत होती. पुढे १९४८ च्या गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ उसळली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी 'कॅक्टस अँड रोझेस' या आत्मचरित्रात त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. उद्योगाच्या गौरवाच्या दालनात हे प्रकरण सहसा नसतं. मला वाटतं, ते असावं, तेही दोन्ही बाजूंच्या आठवणींसकट: ज्यांचं जळलं त्यांच्या, आणि ज्यांनी पाणी आणून विझवलं किंवा दारं लावून घेतली त्यांच्याही. शेजाऱ्यांचं नातं तुटतं आणि पुन्हा जुळतं, त्यावाचून कारखाना पुन्हा उभा राहत नाही.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं उभा राहिलेला दुसरा उद्योग कराडजवळ ओगलेवाडीला. १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला. निमित्त पुन्हा महायुद्धाचंच. युरोपातून येणाऱ्या काचेची आवक बंद पडलेली. कंदिलाची चिमणी करायला सोपी वाटते, पण ती खरी परीक्षा. वाळू, सोडा आणि चुना वितळवून फुंकलेली काच झटकन गार झाली तर आत ताण राहतो, आणि ज्योत लावली की पहिल्याच रात्री तडकते. म्हणून तयार चिमण्या वेगळ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू गार कराव्या लागतात. ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील, वडिलांच्या नावाचा, महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळते, त्यामुळे वाऱ्यातही तो विझत नाही. याच कंदिलाखाली अभ्यास करून दोन पिढ्या मॅट्रिक झाल्या. वीज आली आणि कंदिलाची गरज संपली. कारखानाही बंद पडला. कराडचं रेल्वे स्टेशन आहे ते ओगलेवाडीतच, पण गाडीतून उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना तिथे काय घडत होतं हे ठाऊक असतं?

साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ पासून नांगर आणि पुढे इंजिनं केली. ते १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. नांगराच्या बाजारात कूपर आणि किर्लोस्कर एकमेकांसमोर उभे असत. हा एकच पट्टा देशाच्या शेतीला दोन नांगर देत होता, याची शहरात पुरेशी खूण नाही.

आता थोडं डागडुजीबद्दल, कारण चांगल्या हेतूनं केलेली दुरुस्ती जुन्या घराचं सगळ्यात जास्त नुकसान करते. आपल्याकडच्या जुन्या भिंती दगड-विटांच्या आणि चुन्याच्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो आणि ओल आत-बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, विटा भुगा होतात, आणि पाच-सात पावसाळ्यांत नवा गिलावाच पोपडे होऊन पडतो. वरून ऑइलपेंट मारला तर आणखी वाईट. चुन्याचं काम चुन्यानंच करावं: कळीचा चुना विझवायचा, भिजत घालायचा, वाळू घालून मळायचा, आणि लावल्यावर पाणी मारत राहायचं. घाई चालत नाही. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी उरले आहेत, म्हणून एका घराच्या दुरुस्तीवर गावातली चार तरुण पोरं शिकाऊ म्हणून ठेवावीत. कौलं फिरवताना फुटकी तेवढीच बदलावीत. वासे-तुळयांना वाळवी लागली असेल तर किडलेला टोकाचा भाग कापून त्याच लाकडाचा जोड द्यावा. अख्खी तुळई काढून लोखंडी गर्डर घातला की घर उभं राहतं, पण सुतारानं कुठली जोडणी केली होती तो पुरावा जातो.

दुरुस्तीत आणखी एक पेच येतो. घर कुठल्या सालचं दाखवायचं? १९१० चं, म्हणजे वीज-नळ नसलेलं? की १९३० चं? पुष्कळ ठिकाणी मागून केलेली न्हाणीघरं, विजेच्या लाकडी पट्ट्या, बॅकेलाइटची काळी बटणं काढून टाकतात आणि घर 'मूळ' करतात. मी ते करू देणार नाही. चुलीशेजारी आलेला रॉकेलचा स्टोव्ह, आडाशेजारी आलेला हातपंप, मग नळ, मग दिवा, हाच तर या मुलखाच्या उद्योगाचा घरात शिरलेला इतिहास. वापराच्या खुणा पुसल्या तर उरते ती नाटकाची नेपथ्यरचना.

कायद्याची बाजूही जाणून ठेवावी. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक म्हणून संरक्षण मिळायला वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. ही अट धरली तरी वाडीच्या पहिल्या पिढीच्या वास्तू आता तिच्यात बसतात. पण सरकारी संरक्षण मिळालं म्हणजे घर वाचलं असं नाही. कुलूप लागलेलं संरक्षित घर वापरातल्या घरापेक्षा लवकर पडतं. कंपनीची जागा, गावची ग्रामपंचायत, जवळचं महाविद्यालय आणि जुन्या कामगारांची कुटुंबं यांनी मिळून चालवलेलं घर टिकण्याची शक्यता जास्त. पुढच्या खोलीत दालन, मागे अभ्यासिका, परसात शाळेच्या सहली. तिकिटातून घराचा खर्च निघत नाही, हे आधीच मान्य करून बसावं.

औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. बाळासाहेबांनी जमवलेली चित्रं-शिल्पं तिथे डोंगरावर आहेत. शाळांच्या सहली तिथे जातातच. त्याच सहलीला कराडमार्गे ओगलेवाडी आणि पुढे किर्लोस्करवाडी जोडली, तर कलेवर पैसा घालणारा राजा आणि भट्टीला जमीन देणारा राजा एकच होता हे मुलांना एका दिवसात दिसेल. यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. चांगला लिहिलेला फलक, माहिती असलेला एक माणूस आणि परवानगी, एवढं पुरे.

सगळ्यात निकडीचं काम मात्र बांधकामाचं नाही. ओतशाळेत चाळीस वर्षं साचे भरलेला माणूस हातानं वाळू दाबून सांगतो, ओल बरोबर आहे की नाही. मुठीत दाबलेल्या वाळूवर बोटांचे ठसे उमटले आणि गोळा मोडताना कड स्वच्छ राहिली की माल चांगला येणार. हे ज्ञान कुठल्याही नकाशावर लिहिलेलं नाही. ते सांगणारे लोक आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या बायकांकडे वसाहतीच्या पाण्याच्या पाळ्या, पगाराच्या दिवशीचा बाजार, संपाच्या काळातली उधारी या आठवणी आहेत. साध्या मोबाइलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं.

तेव्हा सातारा-सांगलीकडच्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर 'प्रभाकर' कंदील असेल, गोठ्यात मोडका लोखंडी नांगर असेल, ट्रंकेत 'किर्लोस्कर खबर'चे अंक, पगाराचं पुस्तक, कारखान्यातल्या सत्काराचा फोटो असेल, तर भंगारवाल्याला किंवा रद्दीवाल्याला देण्याआधी थांबा. वस्तूचा फोटो काढा, ती कोणाची, कधी आणि कितीला घेतली हे मागे पेन्सिलीनं लिहा, आणि घरातल्या जाणत्या माणसाला विचारून तिची गोष्ट आजच्या आज उतरवून घ्या. घर जपायला संस्था लागते, पैसा लागतो. एवढं करायला काहीच लागत नाही.